छापाच्या तीन विटा

ज्या घरात चांदी स्थिर असते त्या घरात धर्म, नीती आणि अब्रू या तिन्ही गोष्टी आपोआप स्थिर राहतात, असा माझ्या वडिलांचा सिद्धान्त होता. तो ते अशा गंभीर आवाजात सांगत, की आमच्या घराण्यात तो सात पिढ्या चालत आला असावा असं ऐकणाऱ्याला वाटे. वास्तविक तो त्यांना सुचून तीन आठवडे झाले होते, आणि ज्याने सुचवला तो माणूस मुंबईहून सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेला होता.

आम्ही कर्जतला कचेरीमागच्या आळीत राहत होतो. वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. ते कचेरीत अव्वल कारकून होते, म्हणजे मामलेदारांच्या खालोखाल. आणि मामलेदार दोन-तीन वर्षांनी बदलून जात असल्यामुळे, अप्पांच्या मते, प्रत्यक्षात त्यांच्या वरच. घर भाड्याचं, कौलारू; पुढे पडवी, मागे विहीर, विहिरीपाशी अळू आणि एक म्हातारं रामफळ. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटायला स्टेशनात जादा इंजिन जोडत, त्याचा धक्का बसला की आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणत. आईने सगळा स्वयंपाक त्या किणकिणीवर बसवला होता. एका गाडीला वाल चुलीवर चढायचे, दुसरीला भाकऱ्या थापायला घ्यायच्या, तिसरीला पानं मांडायची. पावसाळ्यात घाटात दरड आली की गाडी अडकायची आणि आमची भाकरीही. माझ्या लग्नानंतर मी पुण्याला गेले तेव्हा पहिले काही महिने मला भूक केव्हा लागते हेच कळत नव्हतं.

घरात अप्पा, आई, माझा थोरला भाऊ विनायक, मी, आणि आत्या. आत्या अप्पांची धाकटी बहीण. नवव्या वर्षी तिला खालापूरला दिली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा तापाने गेला. तेव्हापासून ती माहेरी. लाल आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, पहाटेपासून देवघर आणि चूल. तिच्याइतक्या भराभर भिजलेले वाल सोलणारी बाई मी पुढे पाहिली नाही. बोटांच्या चिमटीत दाणा दाबायची, साल एका बाजूला, डाळिंबी दुसऱ्या बाजूला, आणि डोळे भलतीकडेच, बहुधा पडवीत कोण काय बोलतंय तिकडे. वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, नवऱ्याच्या श्राद्धाला ती चार दिवस खालापूरला जाई. तेवढीच तिची यात्रा.

तिच्या मालकीची एकच वस्तू घरात होती. देवघरात कोनाड्यात एक पितळी डबा होता आणि त्यात लग्नात अंगावर घातलेलं सोनं होतं: पाटल्या, गोठ, एक ठुशी, पुतळ्यांची माळ. ते तिला घालता येत नव्हतं. पण डबा तिचा होता. बाकी ती जे खाई, नेसे, ज्या चटईवर निजे, ते सगळं अप्पांचं, आणि अप्पा ते कधी बोलून दाखवत नसत. त्यांना तशी गरजच नव्हती. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

त्या वर्षांत आमच्या भागात पैसा खेळू लागला होता. डोंगरातून पाण्याचे नळ खाली आणून वीज करायची कामं निघाली होती, कुणाच्या जमिनी गेल्या होत्या, कुणाला ठेके मिळाले होते, आणि ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांनाही आपल्याला मिळेल असं वाटू लागलं होतं. अशा वेळी मुंबईहून एजंट येतात. आमच्याकडे आला तो काळ्या कोटातला, हातात चामडी पेटी. पेटीत निळी मखमल, आणि मखमलीवर चांदीची वीट. घरं बांधतो त्या विटेच्या अर्धीएवढी, पण उचलायला गेले तर माझा हात खालीच राहिला. पाचशे तोळ्यांची, एजंट म्हणाला. वर सोंड उंचावलेल्या हत्तीचा छाप. ही सरकारी टांकसाळीची नव्हे, मुंबईतल्या एका खासगी कारखान्याची ही वीट. पण सरकारलाही जमणार नाही इतकी शुद्ध, असं त्याचं म्हणणं.

"साहेब, गावच्या सोनाराकडे जाल तर दर खेपेला तो थोडं ठेवून घेणार. वितळवलं की घट, घासलं की घट. आमच्या छापाला घट नाही. वीट दाखवायची, छाप बघायचा, त्या दिवशीचा भाव घ्यायचा. फक्त एक पथ्य. हिला कापायची नाही, घासायची नाही, तापवायची नाही. छाप मोडला की ती मोड झाली, मग भावही मोडीचा."

अप्पांनी विटेकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते फक्त कलेक्टरसाहेबांच्या सहीकडे पाहत असत. छाप ही गोष्ट त्यांना लहानपणापासून प्रिय. ज्यावर ठसा नाही ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसे.

दाराआडून आत्या म्हणाली, "दादा, जी कापता येत नाही, तिच्यातलं थोडंसं लागलं तर काय करायचं?"

"तुला थोडंसं कशाला लागेल?" अप्पा म्हणाले. "मी आहे ना."

एजंटने मान डोलावली. त्यालाही ते पटलं.

तीन आठवड्यांनी घरात तीन विटा आल्या. एक अप्पांच्या शिलकीतून. दोन आत्याच्या सोन्यातून. आत्याला विचारून सोनं दिलं, असं अप्पा शेवटपर्यंत सांगत. मी तेव्हा तिथेच होते. त्यांनी विचारलं ते असं: "येसू, तो डबा आण." आत्याने डबा आणला, झाकण उघडलं, आतलं सोनं त्यांच्या पुढ्यात ओतलं आणि रिकामा डबा परत घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यात वातीचा कापूस राहू लागला.

विटांचा बंदोबस्त अप्पांनी स्वतः केला. आईने मांजरपाटाच्या तीन पिशव्या शिवल्या. प्रत्येकीत एक वीट, तोंड टाके घालून बंद, टाक्यांवर लाल लाख, आणि लाखेवर ठसा. खास शिक्का करवायचा विचार होता, पण तोवर राणीछाप रुपयाचा ठसा उठवावा असं ठरलं, आणि मग तो तसाच कायम झाला. आपलं वैभव ज्या ठशाने सुरक्षित केलं तो ठसा आळीत प्रत्येक घरातल्या ट्रंकेत होता, ही गोष्ट अप्पांना कधी खटकली नाही. पिशव्या देवघरातल्या सागवानी पेटीत गेल्या. पेटीची किल्ली देवघरातच खुंटीला. कारण कुलूप चोर उघडतो, पण लाख फुटली की कळतं, असं ते म्हणत.

दर धनत्रयोदशीला संध्याकाळी विटांची पूजा. पोस्टमास्तर, शाळेचे हेडमास्तर, शेजारचे एक वकील, एवढी मंडळी बोलावलेली असत. पाटावर तीन पिशव्या, त्यांवर हळदकुंकू, पुढे धणे-गूळ, कणकेचा दिवा. मग समोरच्या वाण्याकडून आणलेली तागडी टांगली जाई. एकेक पिशवी पारड्यात, दुसऱ्यात वजनं, आणि काटा मध्यावर उभा राहिला की अप्पा हात जोडून म्हणत, "बरोबर." मंडळीही म्हणत, "बरोबर." पूजेतली लक्ष्मी उसवून पाहायची नसते, शिवाय लाख मोडायची नसते, तेव्हा पाहायचं ते वजन. त्यानंतर छोटं भाषण. त्यात "आपल्या तीन विटा" हे शब्द दोनदा तरी यायचे, आणि शेवट विनायकावर व्हायचा. विनायक पुढे मोठं शिक्षण घेईल, त्याला आपल्या तीन विटा उपयोगी पडतील. विनायक तेव्हा मराठी तिसरीत दुसऱ्यांदा बसला होता. हे भाषण चालू असताना आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी असे. मंडळींना गूळ वाटायचं काम तिचंच.

विटा आल्या त्याच्या पुढच्या मार्गशीर्षात तिने मला बरोबर खालापूरला नेलं होतं. आम्ही खोपोलीच्या गाडीने गेलो, पुढे बैलगाडीने. मला आठवतात ती वाटेवरची करवंदीची जाळी, ओल्या गवताच्या गंजी, आणि तिच्या दिराच्या घरातलं कुळथाचं पिठलं, ज्यात मीठ म्हणून नसायचं. पायाशी तिचं गाठोडं होतं आणि मी रस्ताभर त्यावर पाय ठेवून बसले होते. पाय ठेवायला फार चांगलं होतं. ते घट्ट होतं, जरा हललं नाही.

तिसऱ्या वर्षीपासून आत्याच्या सासरहून भात येऊ लागलं. संक्रांत झाली की एक बैलगाडी मागच्या दाराशी यायची आणि गोमा नावाचा काळासावळा, बुटका गृहस्थ दोन गोण्या पाठीवर घेऊन देवघराला लागून असलेल्या कोठीत ठेवायचा. "आत्याबाईंचं भात हाय," एवढंच म्हणायचा आणि गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी पिऊन निघायचा. अप्पा त्या सासरच्या मंडळींवर फार खूश झाले. इतक्या वर्षांनी का होईना, त्यांना जाण आली, म्हणाले. त्यांनी आत्याच्या दिराला आभाराचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दर वर्षी अप्पा पत्र लिहीत, दर वर्षी उत्तर येत नसे, आणि दर वर्षी त्या माणसाच्या निगर्वीपणाबद्दल अप्पांचं मत वर जाई.

मग चांदी उतरू लागली. वर्तमानपत्र स्टेशनमास्तरांकडे यायचं, अप्पा तिथे जाऊन भाव बघून येत. पहिल्या वर्षी ते म्हणाले, चांदी विसावा घेते आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, परदेशातल्या लोकांचा हा डाव आहे, तो फार दिवस टिकायचा नाही. तिसऱ्या वर्षी काहीच म्हणाले नाहीत. धनत्रयोदशीला "बरोबर" म्हणताना आवाज पूर्वीचाच होता, पण भाषण आटोपतं घेतलं. माझा पुतण्या हल्ली मला कसल्या कसल्या गुंतवणुकी समजावून सांगतो आणि खाली गेलेली वस्तू वर येतेच असं म्हणतो, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते. तोंड वेगळं आहे, आवाज ओळखीचा आहे.

एका फाल्गुनात त्यांचा धीर सुटला. स्टेशनवरून आले ते चपला न काढताच पडवीत बसले. भाव निम्म्यावर आला होता, आणि अजून खाली जाईल असं स्टेशनमास्तर म्हणाले होते. जेवताना त्यांनी आमटीत हात घातला आणि तो तसाच ठेवला.

"विकून टाकावं म्हणतो," ते म्हणाले. "तिन्ही."

आत्या वाढत होती. ती म्हणाली, "माझ्या दोन राहू देत, दादा."

"राहू देऊन काय करू? पुढच्या वर्षी शिशाच्या भावाने जातील." हे ते चिडून म्हणाले. आत्याच्या हातातली पळी जरा थांबली, मग तिने त्यांना भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातले एक सराफ शेटजी आले. म्हातारे, सौम्य, कानात भिकबाळी. अप्पांनी पेटी पडवीत आणवली. पहिली पिशवी अप्पांची. शेटजींनी लाख नखाने उचकटली, टाके उसवले, आणि हत्ती बाहेर आला, जरा काळवंडलेला, पण सोंड वर. शेटजींनी वीट उलटसुलट पाहिली, म्हणाले, "माल चोख आहे, रावसाहेब. भावाला आपण काय करणार?" मग त्यांनी आत्याची पहिली पिशवी उसवली.

आत करड्या रंगाचा गोळा होता. वीटच म्हणायची, पण कडा बसक्या, वरचा भाग सुरकुतलेला, आणि भोवती जुन्या लुगड्याच्या चिंध्या. हत्ती नव्हता. काहीच नव्हतं. शेटजींनी नखाने एक ओरखडा काढला, तो लगेच उठला, चकचकीत. चांदीवर नख चालत नाही हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तिसरी पिशवी उसवली. तीही तशीच.

"हे शिसं आहे," शेटजी म्हणाले, आणि आपण काही वावगं बोललो असं वाटून त्यांनी डोळे खाली घातले.

मी अप्पांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला तो मला दिसला, कपाळापासून खाली, जसा कपड्यातून पाणी निथळतं तसा. त्यांनी दोन्ही ढेकळं हातात घेतली, एकमेकांवर आपटली. बद्द असा आवाज झाला. मग ते आत्याकडे वळले. ती दारात होती.

"येसू," ते म्हणाले, "मी तुला बुडवलं गं."

आणि ते रडू लागले. शेटजी उठून निघून गेले, चपला हातात घेऊनच. आईने तोंडाला पदर लावला. विनायक मोठा झाला होता, पण तोही भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं. त्या बाईचं जगात होतं नव्हतं ते या दोन पिशव्यांत होतं, आणि ते असं चिंध्यांत गुंडाळलेलं निघालं. रडली नाही ती एकटी आत्या. ती अप्पांकडे बघत राहिली, फार लक्ष देऊन, आणि मग आत जाऊन तिने त्यांच्यासाठी ताक आणलं. मला वाटलं, धक्क्याने तिला काही सुचेनासं झालं आहे. तो सबंध दिवस मी तिच्या मागे मागे फिरत होते, ती विहिरीकडे गेली तर जास्तच.

संध्याकाळपर्यंत अप्पांमधला अव्वल कारकून परत आला. कारखान्याने फसवलं म्हणावं तर अप्पांची वीट खरी निघाली. शिवाय तिन्ही विटा त्यांनी स्वतः पाहून पिशवीत घातल्या होत्या. म्हणजे चोरी घरातून. बाहेरचा कोण माणूस देवघराच्या जवळ जातो? एकच. दर वर्षी गोण्या घेऊन कोठीत जाणारा गोमा. त्यांनी पोलीसपाटलाला चिठ्ठी पाठवली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गोमा आमच्या अंगणात उभा होता. बरोबर पाटील आणि कचेरीचा एक शिपाई. गोमाच्या हाताला दोरी बांधलेली नव्हती, पण शिपायाच्या खांद्यावर ती होती.

अप्पा पडवीत खुर्ची मांडून बसले. मांडीवर कागद.

"नाव?"

"गोमा."

"आमच्या देवघरातल्या पेटीला तू हात लावलास की नाही?"

"देवाच्या पेटीला आमी कशाला हात लावू, रावसाहेब? आमी गोणी ठेवतो न् जातो. पोराची शपथ."

"शपथ नको. वस्तुस्थिती सांग. गाव कुठलं?"

"पोशीर."

अप्पांचा बोरू थांबला. "पोशीर? नेरळजवळचं?"

"व्हय जी."

"मग खालापूरचं भात पोशीरचा माणूस कसा आणतो? खालापूर त्या टोकाला, पोशीर या टोकाला."

गोमाने पागोटं काढून हातात घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"बोल. तिकडे काय बघतोस?"

"आमाला नाय सांगता येत, रावसाहेब. सांगू नको म्हणून शब्द घेतलाय."

"कुणी घेतलाय?"

गोमाने मान खाली घातली. पाटलाने अप्पांकडे पाहून मान हलवली, म्हणजे झालं, आता हा कबूल होणार. शिपायाने खांद्यावरची दोरी उतरवली. गोमा दोरीकडे बघत राहिला, पण तोंड उघडेना.

तेव्हा आत्या बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती पडवीत आल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ती अप्पांच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली.

"त्याला सोड, दादा. त्याने काही घेतलं नाही. विटा मी काढल्या."

विहिरीवरच्या रहाटाचा करकर आवाज येत होता तो तेवढ्यात थांबला. शेजारची बाई पाणी भरत होती, तीही ऐकत असावी.

"तू?" अप्पा म्हणाले.

"तू घेतल्यास त्याच्या पुढच्याच मार्गशीर्षात एक. त्याच्या पुढल्यात दुसरी. खालापूरला बाळकोबा सोनार आहे, माझ्या लग्नातलं सोनं त्यानेच घडवलं होतं. त्याला दिल्या. मोडीचा भाव धर म्हटलं, पण धरला नाही बिचाऱ्याने."

"आणि हे शिसं?"

"त्यानेच ओतून दिलं. म्हटलं, दिसायला कसंही चालेल, वजन तेवढं बरोबर ठेव. दादा दुसरं काही बघत नाही."

अप्पांच्या हातातला कागद खाली पडला. गाठोड्यावर पाय ठेवून बसलेली मी मलाच दिसले, आणि माझ्या तळव्यांना मुंग्या आल्या.

"लाख?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "लाखेवरचा ठसा?"

आत्या म्हणाली, "रुपया वहिनींनी दिला."

अप्पांनी आईकडे पाहिलं. आईने विहिरीकडे पाहिलं.

मला आजवर अनेक गोष्टींचा धक्का बसला आहे, आणि वय वाढलं तसे धक्के सवयीचे झाले. पण आईची ती वळलेली मान मला अजून दिसते. नवऱ्याला अहोजाहो करणारी, त्यांच्या ताटात शेवटची भाकरी राखून ठेवणारी, धनत्रयोदशीला शिशाच्या दोन पिशव्यांना हळदकुंकू लावून नमस्कार करणारी ती बाई. इतकी वर्षं.

"कशाला?" अप्पा म्हणाले. "काय कमी होतं तुला या घरात?"

"कमी काही नव्हतं. माझं काही नव्हतं." आत्या हे रागाने म्हणाली नाही, डाळ निवडताना बोलावं तसं म्हणाली. "तू दर वर्षी सगळ्यांसमोर म्हणायचास, आपल्या तीन विटा, विनूच्या शिक्षणाला. विनू शिकू दे, माझा जीव आहे त्याच्यावर. पण ती वीट कापता येईना, वापरता येईना, नुसतं कुंकू लावायचं. म्हणून पोशीरला भाताचं शेत घेतलं. गोमा कसतो. निम्मं त्याला, निम्मं मला. माझ्यातलं आपण खातो, उरलेलं नेरळला विकते."

"ते भात..."

"माझं. माझ्या दिराचं नव्हे. तुझी पत्रं त्यांनी मला दाखवली. म्हणाले, तुझ्या भावाला काही झालंय का?"

पाटील खोकला. हसू दाबण्यासाठी माणूस खोकतो तसा. अप्पांनी त्याला आणि शिपायाला जायला सांगितलं. गोमा मात्र तिथेच उभा राहिला. त्याला आत्याने जा म्हटलं नव्हतं.

"परवा मी रडलो," अप्पा म्हणाले, "तेव्हाच का बोलली नाहीस?"

आत्याने पदर सारखा केला. "तुला माझं वाईट वाटतंय हे मी पहिल्यांदाच बघत होते, दादा. म्हटलं, जरा बघू दे."

स्टेशनात इंजिन लागलं, फडताळातल्या कपबशा वाजल्या, आणि आई भाकऱ्या थापायला आत गेली. तिला निमित्त हवंच होतं.

त्यानंतर अप्पा रागावले. रागवायला त्यांना वेळ लागला, कारण कशावर रागवायचं ते ठरत नव्हतं. विटांवर रागवावं तर त्या आत्याच्या. फसवणुकीवर रागवावं तर चांदी निम्म्यावर येण्याच्या कितीतरी आधी, चांगल्या भावात, आत्याने ती विकली होती आणि आमच्या घरात शहाणपणाने पैसा गुंतवलेलं एकच माणूस आलवणात उभं होतं. शेवटी त्यांना जागा सापडली. बाईमाणसाने भावाला न विचारता जमीन घ्यायची?

"विचारलं असतं," आत्या म्हणाली, "तर तू म्हणाला असतास, डबा आण."

"ते राहू दे. पण हे झालंच कसं? खरेदीखत झालं?"

"झालं. इथेच, तुझ्या कचेरीला लागून खतं नोंदवतात ना, तिथे. खालापूरहून येताना आधी तिकडे उतरले. पदर ओढून अंगठा दिला आणि मग घरी आले."

"खरेदीखताने भागत नाही," अप्पा म्हणाले. इथे ते खुर्चीत सरळ झाले, आणि तीन दिवसांत प्रथमच त्यांचा आवाज पूर्वीसारखा आला. "गावच्या दप्तरी नाव लागावं लागतं. फेरफाराची नोंद होते, नोटिसा निघतात, जबाबदार अधिकारी चौकशी करतो, मग मंजुरी. या तालुक्यात पंधरा वर्षं एकही नोंद डोळे झाकून झालेली नाही, हे मी छातीला हात लावून सांगतो. यात कुठेतरी गफलत असणार. मी पाहतो."

ते त्याच दिवशी न जेवता कचेरीत गेले. दुपार टळल्यावर परत आले. हातपाय धुतले, पाटावर बसले. आईने वालाचं बिरडं वाढलं आणि पोशीरचा भात. त्यांनी तो खाल्ला. दुसऱ्यांदा मागून घेतला. कुणाची विचारायची हिंमत होत नव्हती, शेवटी आत्यानेच ताक वाढताना विचारलं, "काय रे, निघाली का गफलत?"

"नाही," अप्पा म्हणाले. "नोंद कायदेशीर आहे."

त्यावर त्यांनी पुन्हा त्या विषयाचा शब्द काढला नाही. पुढच्या धनत्रयोदशीला मंडळींना बोलावलं नाही. अप्पांची वीट त्यांनी काही वर्षांनी मिळेल त्या भावात काढून टाकली. विनायक रेल्वेत चिकटला. त्याला मोठं शिक्षण लागलं नाही. गोमा पुढेही संक्रांतीला येत राहिला आणि आता पुढच्या दाराने येऊ लागला.

आत्या जाताना ते शेत तिने माझ्या नावाने केलं. कागदपत्रांची जुळवाजुळव करताना मला जुन्या फेरफाराची नक्कल काढावी लागली. घेणार म्हणून नाव होतं उमाबाई कोम रामचंद्र जोशी, कोम म्हणजे बायको. क्षणभर मलाही कळेना, ही कोण. आमच्या घरात ती अप्पांना येसू, आईला वन्सं आणि आम्हाला आत्या. सासरी लग्नात ठेवलेलं नाव तिला तिथे वर्षभरही कुणी नीट हाक मारायला वापरलं नव्हतं, आणि त्या बाजूला जोशी शेकड्याने. नोंदीखाली सुरेख वळणदार अक्षरात शेरा होता: "समक्ष चौकशी केली. खरेदी घेणार बाई माहितीतली आहे. कोणाची हरकत नाही. नोंद मंजूर." सही अप्पांची होती.